फाशीच्या घोषणा आणि पंचाची सही

३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या नांदोरी चौकात, महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटविण्यात आले. सात दिवस मृत्यूशी झुंज देऊन १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. महाराष्ट्र हळहळला, संतापला, रस्त्यावर उतरला. ‘फाशी द्या’ या घोषणेने चौक दणाणले. सरकारने जलदगती न्यायालयाची ग्वाही दिली आणि विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नियुक्ती झाली. मध्यंतरी कोरोनाची टाळेबंदी येऊनही १० फेब्रुवारी २०२२ रोजी, त्या अभागी मुलीच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप ठोठावली.

दोन वर्षांत निकाल लागला, याचे समाधान मानायलाच हवे. परंतु त्या समाधानाच्या पोटात एक अस्वस्थ करणारा प्रश्न दडलेला आहे. विशेष लक्ष, विशेष गती आणि विशेष वकील लाभल्यावरच खुनाचा खटला वेळेत तडीस जाणार असेल, तर ज्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही त्याने काय करावे?

वर्धा शहराला खेटून असलेल्या नालवाडीचे उदाहरण घेऊ. विनोबा १९३२ च्या अखेरीस या गावात राहायला आले आणि ग्रामसेवेच्या कार्याने हे छोटे गाव देशाला ठाऊक झाले. (याच विनोबांसमोर १९६० साली चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली. हृदयपरिवर्तन झाले म्हणून त्यांच्यावरचे खटले मात्र चुकले नाहीत, हे आज सोयीस्करपणे विसरले जाते.) अशा गावात एखाद्या रात्री धुऱ्याच्या किंवा प्लॉटच्या वादातून खून पडला, असे समजू. मृत मजूर आहे. त्याच्यासाठी मोर्चा निघणार नाही, मंत्री येणार नाही, दूरचित्रवाणीचा कॅमेरा तर नाहीच नाही. त्याच्या विधवेला न्याय मिळणार की नाही, हे कोठे ठरते? सर्वसामान्य माणूस म्हणेल, न्यायाधीशांच्या लेखणीने. वस्तुस्थिती अशी आहे की, ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतच बव्हंशी ठरून गेलेले असते.

पोलीस येतात. घटनास्थळाचा पंचनामा होतो, प्रेताचा पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जाते. आरोपी पकडला गेला की तो कुऱ्हाड काढून देतो; त्याचे निवेदन आणि जप्ती पंचांसमक्ष नोंदवावी लागते. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम २७ आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ यांचा सारा भार या जप्तीवर असतो. रक्ताने माखलेले कपडे, हत्यार आणि माती मोहोरबंद होऊन नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवाना होतात. दोषारोपपत्र दाखल होते, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ते प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग करतात आणि मग तारखा सुरू होतात. मुद्देमाल कोणाच्या ताब्यात किती दिवस होता, पाकिटावरची मोहोर शाबूत होती का, पंच खरोखर तेथे हजर होता का, या तीन प्रश्नांवर बचाव पक्षाचा निष्णात वकील उलटतपासणीत खटल्याचे तीनतेरा वाजवतो. त्यात त्याचा दोष नाही. तो त्याचा धर्म पाळतो. धर्म सोडलेला असतो तो ज्यांनी पंचनामा पोलीस ठाण्याच्या टेबलावर बसून लिहिला त्यांनी.

आणि तो पंच तरी कोण असतो? येथे मध्यमवर्गाने आरशात पाहावे. कॉलनीत खून झाला की गच्चीवरून सारे पाहतात. हवालदार पंच म्हणून सही मागायला आला की दारे लागतात. ‘कोर्टाची पायरी नको’ हे आपल्याकडे सुसंस्कृतपणाचे लक्षण समजले जाते! मग हवालदार पानटपरीवाल्याला नाहीतर चौकातल्या रिक्षावाल्याला धरून आणतो. काही ठिकाणी तर पोलिसांच्या हाताशी ठरलेले पंच असतात, तीच नावे प्रकरणामागून प्रकरणात दिसतात आणि न्यायालयाचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. काही वर्षांनी समन्स येते. तोवर आरोपी जामिनावर सुटून त्याच गावात वावरत असतो. मजुरी बुडवून आलेला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, ‘पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली, मला काही माहीत नाही.’ साक्षीदार फितूर झाला अशी नोंद होते. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटतो. प्रकरण ‘निकाली’ निघते. खून झाला होता, हे मात्र कोणीच नाकारत नाही.

देशात २०२२ या एका वर्षात २८,५२२ खुनांची नोंद झाली. खुनाच्या खटल्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण शंभरात चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास घुटमळते. म्हणजे निम्म्याहून अधिक खटल्यांत एक तर खरा गुन्हेगार मोकळा सुटतो, किंवा निरपराध माणूस वर्षानुवर्षे कारागृहात सडून बाहेर येतो. यातले कोणते अधिक लज्जास्पद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसऱ्या शक्यतेकडे ‘फाशी द्या’वाले कधी पाहतच नाहीत. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका झोपडीवर हल्ला होऊन पाच जणांची अमानुष हत्या झाली. भटक्या समाजातील सहा मजुरांना त्यासाठी २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना पुन्हा फाशीच दिली. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्या सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश महाराष्ट्र सरकारला दिला. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडील सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपास केलाच गेला नाही. पालावर राहणारा, ज्याच्या मागे ना जात उभी राहते ना पक्ष, असा माणूस हाती लागला की तपास ‘पूर्ण’ होतो. भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यात नवल वाटणार नाही. सोळा वर्षांनी मिळालेल्या पाच लाखांत त्या सहा जणांचे तारुण्य विकत मिळणार होते काय?

न्यायालयावरचा विश्वास उडाला की काय होते, तेही शेजारच्या नागपूरने पाहिले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयातच जमावाने ठार केले. कस्तुरबानगरच्या महिलांनी वर्षानुवर्षे त्याचे अत्याचार सोसले होते. भर दिवसा, न्यायदालनात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत हा खून झाला. आणि दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, सर्व आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या महिलांबद्दल सहानुभूती असणे वेगळे. पण न्यायालयात झालेला खून न्यायालयात सिद्ध होऊ शकत नाही, या गोष्टीची ज्यांना लाज वाटायला हवी होती ते निश्चिंत राहिले.

यावर राज्यकर्त्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे नवा कायदा. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मोठ्या गाजावाजात ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले. ते कायदा झालेच नाही. कोपर्डीच्या प्रकरणात जुलै २०१६ च्या गुन्ह्याला नोव्हेंबर २०१७ मध्ये फाशीची शिक्षा झाली, पेढे वाटले गेले. फाशीवर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागते, हे पेढे वाटणाऱ्यांच्या गावीही नव्हते. ते होण्यापूर्वीच सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य दोषीने येरवड्यात आत्महत्या केली. खाली कितीही वेगाने धावा, वर रांग आहेच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ३०२ चे १०३ झाले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत काही तरतुदी निश्चितच स्वागतार्ह आहेत. गंभीर गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे, झडती-जप्तीचे चित्रीकरण, युक्तिवाद संपल्यापासून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत सत्र न्यायालयाचा निकाल. पंचाच्या दुबळ्या सहीला चित्रीकरणाचा आधार मिळेल. मात्र तज्ज्ञांची पदे, प्रयोगशाळेतील मनुष्यबळ आणि सरकारी वकील संहितेच्या छापील पानांतून जन्माला येत नाहीत. जिल्हा सरकारी वकिलाच्या नेमणुकीच्या वेळी ‘आपल्या माणसाची वर्णी’ लावण्याचा मोह कोणत्याही पक्षाला सुटलेला नाही. आपल्या विचारांचे सरकार असताना तरी हे बदलावे, अशी अपेक्षा कार्यकर्त्यांनी उघडपणे बोलून दाखवायला हरकत नसावी.

बोलण्यासारखे आणखीही आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या गृह खात्यांना बजावले होते की, प्रत्येक निर्दोष सुटकेची चिकित्सा करण्यासाठी पोलीस व अभियोग खात्याच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमा, तपासात कोठे चुकले ते शोधा आणि हलगर्जी अधिकाऱ्यावर कारवाई करा. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती. एका सहा वर्षांच्या बालिकेच्या खुनातील आरोपीला तपासातील त्रुटींमुळे सोडावे लागल्यावर उद्विग्न होऊन दिलेला हा आदेश आहे. वर्धा जिल्ह्यात त्यानंतर खुनाचे किती आरोपी सुटले, त्यांपैकी किती प्रकरणे या समितीपुढे गेली आणि किती तपास अधिकाऱ्यांवर ठपका आला, हे विधानसभेत विचारायला कोणत्याही आमदाराला नव्या विधेयकाची गरज नाही. एक तारांकित प्रश्न पुरेल.