तयार घ्यावे की बनवून घ्यावे?

माझा भाचा मालेगावात १२ माग चालवतो. मागे एकदा तो दोन दरपत्रके घेऊन घरी आला. "खालाजान, एक सॉफ्टवेअर तयार मिळतंय, दुसरं खास आपल्यासाठी बनवून देतो म्हणतात. काय करू?"

मी शाळेत शिकवणारी बाई, कॉम्प्युटरची तज्ज्ञ नव्हे. पण त्याला एकदा लागलेली ठेच मी जवळून पाहिली होती.

ओळखीतल्या एका मुलाकडून त्याने प्रोग्राम बनवून घेतला होता. कोणत्या मागावर किती मीटर कापड निघाले, कारागिराची मजुरी किती, त्याने उचल किती घेतली, सगळे क्षणात दिसायचे. पुढे त्या मुलाला परगावी नोकरी लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिंथेटिक धाग्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. प्रोग्राममध्ये जुनाच दर बसवलेला, तो बदलता येईना. त्यातच कॉम्प्युटर बंद पडला आणि उचलीच्या साऱ्या नोंदी गेल्या. कारागिरांच्या शब्दावर भरवसा ठेवण्यावाचून इलाज नव्हता. एका म्हाताऱ्या कारागिराने आपली छोटी डायरी आणून दाखवली. भाच्याला आठवत होती त्यापेक्षा जास्त उचल त्यात लिहिलेली होती. भाचा खजील झाला.

म्हणून या वेळी आम्ही वही घेतली आणि कामांचे दोन भाग केले.

बिल, जीएसटी, खरेदी-विक्री, बँक ही कामे प्रत्येक व्यापाऱ्याला असतात. त्यासाठी टॅलीसारखे तयार सॉफ्टवेअर बरे. कायदा बदलला की कंपनी सगळ्याच ग्राहकांसाठी बदल करते, आणि ते चालवणारा मुनीमही सहज मिळतो. मात्र दरवर्षीचे शुल्क किती, ते आधी विचारावे.

मीटरवरची मजुरी आणि उचल ही आपल्या धंद्याची खास गरज. ती तयार मालात नेमकी बसत नाही. पण लगेच मोठा खर्च करू नये. आधी एक्सेलच्या तक्त्यात भागते का पाहावे. नाहीच भागले, तर तेवढाच तुकडा बनवून घ्यावा. मुंबईच्या कंपनीने तयार केलेले ईआरपीनेक्स्ट हा मधला मार्ग आहे. त्याचा कोड सर्वांना खुला असल्याने आपल्या सोयीने बदल करता येतात, पण ते जाणणारा माणूस हाताशी हवा.

आणि बनवून घ्यायचेच ठरले, तर चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. कोड कोणाच्या ताब्यात राहील? नोंदींची दुसरी प्रत रोज कुठे ठेवली जाईल? उद्या दुसरीकडे जायचे झाले तर आपल्या नोंदी बाहेर काढता येतील का? दुरुस्तीला कोण येईल आणि किती घेईल? समोरचा नात्यातला असला तरी लिहूनच घ्यावे. त्याने नाते बिघडत नाही, उलट टिकते.

भाच्याने बिलांसाठी तयार सॉफ्टवेअर घेतले. मजुरीचा तक्ता एक्सेलमध्ये केला. शुक्रवारच्या सुट्टीआधी तो छापतो, प्रत्येक कारागिराला वाचून दाखवतो आणि मगच सही घेतो.

तो म्हातारा कारागीर अजूनही डायरी घेऊन येतो. आता भाचाच म्हणतो, "चाचा, आधी तुमची डायरी दाखवा."