बर्लिनची कबड्डी: अभिमान हवा, पण खरा

अकोल्या-अमरावतीत खेळाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडतं: 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपली कबड्डी होती. भाषणांत, स्मरणिकांत ते छातीठोकपणे येतं. पण ते चूक आहे. बर्लिनला अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोनच होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग.

मग अमरावतीचं पथक गेलंच नव्हतं का? गेलं होतं! 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी उभारलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनला पोचली. ऑलिंपिकच्या निमित्ताने शारीरिक शिक्षणातले लोक तिथे देशोदेशींहून जमले होते. त्यांच्यापुढे मंडळाने कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले. पारतंत्र्यातल्या वऱ्हाडातून एका व्यायामशाळेने एवढी मजल मारली, हे कोणत्याही पदकाइतकंच मोलाचं आहे. त्याला खोट्या बिरुदाची गरज काय?

दुसरा दावा असा की परक्या खेळांनी आमच्या खेळांची वाट अडवली. हाही टिकत नाही. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉलने ऑलिंपिक पदार्पण केलं. नेस्मिथ यांनी 1891 मध्ये पीचच्या टोपल्या टांगून सुरू केलेला हा खेळ तेव्हा फार रुबाबदार होता असंही नाही. सामने टेनिसच्या मातीच्या मैदानांवर झाले. अंतिम सामन्यात पावसाने असा चिखल केला की चेंडू उसळेना; अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते 19-8 असं. तरीही तो खेळ ऑलिंपिकमध्ये आला, कारण 1932 मध्ये जिनिव्हात अर्जेंटिना आणि युरोपातल्या सात देशांनी मिळून त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली होती. 1935 मध्ये युरोपचं अजिंक्यपदही खेळलं गेलं आणि छोट्याशा लाटव्हियाने ते जिंकलं.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? कबड्डीचे तीन प्रकार: संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत व्हायचा, गामिनीत बाद तो बादच, अमरमध्ये बाद होऊनही मैदानातच राहायचा. खेळ एक आणि नियम तीन! कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ 1950 मध्ये झाला, आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून ती 1990 मध्ये आली. उशीर आपल्याच घरात झाला.

म्हणून वैद्य बंधूंचा वारसा मी बर्लिनपुरता मोजत नाही. त्यांनी संस्था बांधली. ती आज शतक ओलांडून उभी आहे, देशी-विदेशी दोन्ही खेळ शिकवते आणि गावोगावच्या शाळांना क्रीडाशिक्षक पुरवते. मंडळाच्या प्रभाकरराव वैद्यांना 2012 मध्ये मिळालेली पद्मश्री याच कामाची पावती आहे.

वऱ्हाडातल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: पुढच्या स्मरणिकेतून ‘ऑलिंपिकमधली कबड्डी’ हे शब्द खोडा आणि तिथे मंडळाचं आणि त्या पथकाचं नाव लिहा.