सायकलीची राखीव ट्यूब

दिवाळीची सुट्टी लागली कीं तरुण मंडळींना सिंहगडाची अथवा राजमाचीची वाट दिसूं लागते. आणि डोंगरांत फिरण्याजोग्या जाड टायरांच्या सायकली सुशिक्षित घरांत आल्यापासून तर कित्येक मुलें-मुली ही वाट चाकांवरूनच आक्रमितात. त्यांच्या पाठपिशवींत चकल्यांचा डबा घालण्यास माउली विसरत नाहीं. परंतु त्याच पिशवींतील राखीव ट्यूब सायकलीस बसेल कीं नाहीं, हें कितीशा घरीं पाहिलें जातें? शहरांत पंक्चर झालें तर चौकांत दुकान असतें. डोंगरांत बाभळीचा कांटा शिरला म्हणजे पिशवींतली ट्यूब हेंच काय तें दुकान.

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव व त्यांचा आतेभाऊ असे दोघे मागें घाटांत गेले होते. उतारावर पंक्चर झालें. नवी ट्यूब बाहेर काढली, तों तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकांतून जाईचना! दुकानदारानें ‘एकोणतीस इंची’ एवढेंच विचारून ती दिली होती. दोघे काळोखांत सायकली ढकलीत खालीं उतरले आणि इकडे घरचीं माणसें मध्यरात्रीपर्यंत दाराशीं उभीं होतीं.

‘एकोणतीस इंची’ या शब्दांवर फारसा भरंवसा ठेवूं नये. टायरच्या कडेवर इंचांच्या आंकड्याशेजारीं ५७-६२२ असा दुसरा आंकडा उठवलेला असतो. त्यांतील पहिला टायरची रुंदी व दुसरा टायर रिमवर जेथें बसतो तेथील व्यास मिलिमीटरांत सांगतो. आतां गंमत पाहावी. आमच्या वडिलांच्या पिढीची उंच काळी सायकल ‘अठ्ठावीस इंची’, पण तिचा हा व्यास ६३५. नव्या ‘एकोणतीस इंची’चा ६२२! म्हणजे नांवानें मोठी ती मापानें लहान. ‘सव्वीस इंची’चीही तीच कथा : डोंगरी सायकलीची ५५९, जुन्या सडपातळ सायकलीची बहुधा ५९०. मधल्या साडेसत्तावीस इंचीची ५८४. तेव्हां दुकानीं जातांना मिलिमीटरांचा आंकडाच कागदावर टिपून न्यावा.

ट्यूबेच्या खोक्यावर रुंदीची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ १.९ ते २.३५ इंच. आपल्या टायरची रुंदी तींत बसली पाहिजे. अरुंद ट्यूब फुगून ताणली जाते, पातळ होते व लवकर फुटते. अतिरुंद ट्यूबेला आंत घड्या पडतात. अडल्या वेळीं साडेसत्तावीस इंची ट्यूब एकोणतीस इंची टायरांत ताणून बसवितां येते, व तिनें घर गांठतां येतें. पण तो आपद्धर्म होय.

खरी फसगत होते ती व्हॉल्व्हची. एक जाड, मोटारीच्या चाकासारखा. दुसरा बारीक, टोंकाशीं इवलीशी चकती असलेला, जी सैल केल्यावांचून हवा आंत जात नाहीं. जाडासाठीं रिमला सुमारें साडेआठ मिलिमीटरांचें भोंक लागतें, बारकास साडेसहाचें पुरतें. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोंकांत बारीकशी कडी घालून चालवितां येतो; जाड मात्र लहान भोंकांतून जाणें नाहीं. कांहीं उत्साही लोक भोंक कोरून मोठें करतात. आमच्या मतें चांगल्या रिमवर हा अत्याचार करूं नये. रिम खोल असेल तर व्हॉल्व्हची लांबीही पाहावी, नाहींतर पंप पकडण्यापुरतें टोंकही बाहेर येत नाहीं.

द्रव्याविषयीं थोडें. नेहमींची काळी ट्यूब ब्यूटिल रबराची. एकोणतीस इंचीचें वजन सुमारें दोनशें ग्रॅम. अलीकडे थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनच्या ट्यूबा मिळतात. त्या याच्या निम्म्याहूनही हलक्या व मुठींत मावणाऱ्या असतात. किंमत मात्र भारी, आणि नेहमींच्या सोल्यूशननें त्यांवर ठिगळ चिकटत नाहीं, त्यांचें वेगळें मिळतें. विद्यार्थ्यानें ब्यूटिलच घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

आमची सायकल विनाट्यूबेची, आम्हांस याचें काय, असें कोणी म्हणेल. टायर कापला गेला व आंतील चिकट द्रवानें छिद्र बुजलें नाहीं तर त्यासही शेवटीं ट्यूबच घालावी लागते. त्याआधीं टायरच्या आंतून जपून हात फिरवून कांटे वेंचावे. द्रवानें छिद्रें बुजविल्यामुळें महिनोन्‌महिने रुतून बसलेले कांटे तेथें निघतात, आणि नवी ट्यूब पहिल्याच फेऱ्यांत फोडतात.

ट्यूब आणल्यावर एकदां घरींच चाकांत बसवून, हवा भरून, रात्रभर ठेवावी. सकाळीं तशीच भरलेली राहिली तर काढून, व्हॉल्व्हला टोपण लावून, जुन्या मोज्यांत गुंडाळावी. पान्ह्याशेजारीं सुटी टाकल्यास घांसून तीच भोंकें पाडून घेते. पंपाचें तोंड त्याच व्हॉल्व्हचें आहे ना, हेंही त्याच वेळीं पाहावें.