पडलेलं दान

तुळजापूरला दर्शन झालं की आमच्या घरच्यांचे पाय चिंतामणीकडे वळतात. देवळाच्या आवारातला हा गोल दगड. दोन्ही तळवे अलगद टेकवायचे, मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही, जागचा हललाच नाही तर कामाला उशीर. शिवाजी महाराजही मोहिमेआधी इथं कौल घेत, असं सांगतात. गेल्या खेपेला माझ्यापुढच्या बाईंचा दगड डावीकडे गेला. त्यांनी पदराला हात पुसले, इकडंतिकडं पाहिलं आणि पुन्हा टेकवले.

मला जॅक्सन मॅक लो आठवला. न्यूयॉर्कचा हा कवी (१९२२–२००४). १९५४ च्या अखेरीस तो बायबल आणि फासे घेऊन बसला. कुठला शब्द घ्यायचा, ते फासे ठरवणार. कधी शब्दाऐवजी रिकामी जागा यायची. वाचताना तिथं एका शब्दाइतकं गप्प राहायचं. दगड हललाच नाही, तसं. कवितेतून ‘मी’ थोडा बाजूला सारावा, हा त्याचा हेतू.

आपल्याकडं रामशलाका आहेच. २२५ घरांतल्या एकावर डोळे मिटून बोट ठेवायचं, तिथून दर नववं अक्षर उचलत गेलं की तुलसीदासांची चौपाई जुळते. पण तिथं चौपाया नऊच, आधीच लिहिलेल्या. मॅक लोच्या फाशांपुढं असं काही मांडून ठेवलेलं नव्हतं. फासे काय, कुणीही टाकेल. पडलेलं दान मुकाट्यानं उतरवून घ्यायला छाती लागते.

माझी केवढी आहे ते बघावं म्हणून दादावादी कवी त्रिस्तान झारानं १९२० साली सांगितलेली कृती केली. बातमी घ्या, शब्द कातरा, पिशवीत हलवा, निघतील तसे लिहा. मी धाराशिवचं जिल्हा पान कातरलं आणि बाजाराच्या पिशवीत घातलं. (पिशवीला अजून मेथीचा वास होता.) येडशीच्या अभयारण्यातल्या वाघाच्या बातम्या तेव्हा रोज येत. निघालं: पीकविमा, रात्री, येडशी, मंजूर, वाघ.

मंजूर वाघ! मी खूश. पुढचा तुकडा निघाला ‘आहे’. झालं, वाघाचं सरकारी पत्रक झालं. तुकडा हळूच पिशवीत टाकला, पिशवी हलवली, दुसरा काढला.

“असं चालतं का?” बायकोनं विचारलं.

त्या बाईंनी तिसऱ्यांदाही हात टेकवले होते, हे मी तिला सांगितलं नाही.