एक कोटीचं कवच आणि बांबोळीचा रस्ता

गणपतीला चाकरमानी गावी आले की आरत्या-भजनांच्या मधल्या वेळात घरातले कागद बाहेर निघतात. सातबारा, घरपट्टी, आणि हल्ली त्यांच्या जोडीला आरोग्य विम्याचं माहितीपत्रक. माजघरात मग तीन पक्ष पडतात. थोरल्या काकांचा पक्ष जुना: "कित्याक व्हयो तो विमो? सरकारचा कार्ड आसा मा!" मुंबईच्या मुलाचं म्हणणं, घ्यायचाच तर एक कोटीचा घेऊ. तिसऱ्याच्या मते विमा कंपन्या सगळ्या लुटारू, त्यापेक्षा पैसे पतपेढीत ठेवलेले बरे. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर दरवर्षी तोच वाद होतो. पण अर्ध्या रात्री घरातलं माणूस छातीला हात लावून बसलं तर गाडी कुठल्या दिशेला वळणार, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते विमा निवडायची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

काकांचा मुद्दा भक्कम आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांनी आधी योजना वाचावी. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चाललेली जनआरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती नाही. 2024 पासून पांढरं कार्डही तिच्यात आलं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. ज्या घरात हप्ता भरायची ऐपतच नाही, त्याने हे कार्ड आजच काढावं आणि विम्याच्या एजंटला चहा देऊन वाटेला लावावं.

मात्र योजना यादीवर चालते. रुग्णालय यादीतलं हवं आणि उपचारही यादीतला. मालवणात मोठं दुखणं म्हटलं की पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी नाव येतं ते बांबोळीचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, गोमेकॉचं. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालंय, तरी सवय सुटलेली नाही. पण बांबोळीचं रुग्णालय दुसऱ्या राज्याचं आहे, याची जाणीव 2018 मध्ये झाली. गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून तिथे शुल्क घेणं सुरू झालं आणि दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. गोव्याची स्वतःची दीनदयाळ योजना आहे, पण ती तिथे किमान 5 वर्षं राहिलेल्यांसाठी. सावंतवाडीचा माणूस बांद्याचा पूल ओलांडला म्हणून गोंयकार होत नाही. राज्यांच्या योजनांना अशी हद्द आडवी येऊ शकते. खाजगी विमा पणजीत, कोल्हापुरात किंवा परळला सारखाच चालतो, हा त्याचा खरा फायदा.

सारखाच, असं मी म्हणालो खरं, पण ते पॉलिसी वाचून घेतली असेल तर. इथे एक कोटीवाल्याचा पक्ष लंगडा पडतो. काही पॉलिसींमध्ये देशाचे विभाग पाडलेले असतात. मालवणचा पिनकोड दिला की हप्ता स्वस्त लागतो, घरात सगळे खूश. पुढे वडिलांना डोंबिवलीला मुलाकडे नेलं, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, की बिलातला ठरावीक टक्का तुमच्या खिशातून. कोटीचं कव्हर असलं तरी हा टक्का सुटत नाही. ज्या घराचं एक पाऊल गावात आणि एक मुंबईत आहे, त्याने चार पैसे जास्त देऊन मुंबईच्या विभागाचा हप्ता भरावा.

खोलीभाड्याचंही तसंच. समजा 3 लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीला दिवसाला 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपयांची मर्यादा. तुम्ही 6,000 ची खोली घेतली आणि 5 दिवस राहिलात. एकूण बिल 2 लाख: खोली 30,000, शस्त्रक्रिया-डॉक्टर-नर्सिंग 1,10,000, औषधं आणि तपासण्या 60,000. खोली दुप्पट दराची म्हणून पहिल्या दोन रकमा निम्म्या होतात. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. हातात येतात 1,30,000. उरलेले 70,000 कशाचे, म्हणून काउंटरवर भांडण होतं, आणि "कंपन्या लुटारू" हा तिसरा पक्ष तिथेच जन्माला येतो. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली 10 लाखांची साधी पॉलिसी आणि तिच्या वरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप घेतला, तर मर्यादा असलेल्या दिखाऊ आकड्यापेक्षा ते कधीही बरं.

गावातल्या चार खाटांच्या दवाखान्याचा प्रश्न वेगळाच. विम्याच्या लेखी रुग्णालय म्हणजे कायद्याने नोंदणी झालेलं. नोंदणी नसेल तर 10 लाखांखालच्या वस्तीत निदान 10 खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, असे निकष. 2011 च्या जनगणनेत आमचा अख्खा सिंधुदुर्ग जिल्हाच साडेआठ लाखांचा, तेव्हा 10 खाटांची सवलत सगळीकडे. तरीही लेप्टोच्या तापात जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेण्याआधी, म्हणजे खरं तर पावसाळ्याआधीच, तिथली नोंदणी आहे ना हे विचारून ठेवावं.

लुटारूवाल्यांनी आपल्या बाजूचे नवे नियम तरी वापरावेत. 2024 पासून जुन्या आजारासाठी थांबायला लावायची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं आहे. सलग 5 वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. मात्र "फॉर्ममध्ये साखर लिहू नका" असं सांगणाऱ्या एजंटवर या आधारे विसंबू नका. साखर लपवणं फसवणुकीत मोडू शकतं आणि त्या वेळी एजंट फोन उचलत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, तेव्हा महागाईचं रडगाणंही थोडं हळू गावं. पतपेढीत वर्षाला 20,000 ठेवणाऱ्याचे 10 वर्षांनी व्याज धरून तीनेक लाख होतील. आजार तिसऱ्या वर्षी आला तर काय, याला त्या पक्षाकडे उत्तर नाही.

आणखी एक: आईवडिलांना मुलाच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकाच सामायिक कव्हरमध्ये, घालू नये. हप्ता घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाच्या वयावर ठरतो आणि वडिलांचं एक आजारपण नातवंडांच्या वाट्याचं कव्हर संपवतं. त्यांची पॉलिसी वेगळी, सरकारी कार्ड सोबत.

राहिली तारीख. पॉलिसी ज्या दिवशी काढाल, त्याच सुमाराला ती दरवर्षी नूतनीकरणाला येते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. तेव्हा बोटवाल्याच्या घरात वर्षाचा हप्ता कुठून येणार? वार्षिक हप्ता चुकला तर पुढे 30 दिवसांची सवड मिळते, पण त्या दिवसांतल्या आजाराची भरपाई मिळत नाही. तिमाही किंवा मासिक हप्ते असतील तर सवडीतही संरक्षण राहतं. म्हणून मासेमारीच्या घराने पॉलिसी ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढावी, आंबा-काजूवाल्याने मे महिन्यात, आणि जुलैत दारात आलेल्या एजंटला हप्त्याहप्त्याने भरायची सोय आहे का, हे आधी विचारावं.