घरटे बघावे, पण दुरून



घरट्यात पिल्लू थंडीने मरत असेल आणि आपल्याला ते दिसत असेल, तर माणसाने झाडावर चढून त्याला वाचवावे की नाही? या प्रश्नावरून आमच्या चौथीच्या वर्गात दोन पक्ष पडले आहेत. मी ‘चढू नये’ या पक्षात आहे. का ते सांगते.

आधी घरटे कुठले ते सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बिग बेअर नावाचे तळे आहे. त्याच्याजवळच्या डोंगरात पाइनच्या झाडावर, सुमारे १४५ फूट उंचीवर, पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचे घरटे आहे. आपल्या गावची पाण्याची टाकी आहे ना, तशा तीन एकावर एक रचल्या तर तेवढी उंची होईल. इंग्रजीत या गरुडांना बाल्ड ईगल म्हणतात. मादीचे नाव जॅकी आणि नराचे शॅडो. तिथल्या पक्षिप्रेमी लोकांच्या संस्थेने घरट्याजवळ कॅमेरा लावला आहे. त्यातले चित्र त्याच वेळी साऱ्या जगात दिसते. बाईंनी ते वर्गातल्या टीव्हीवर दाखवले. आपली सकाळची शाळा भरते तेव्हा तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. दुपारी लावले तर तिथे रात्र. कॅमेऱ्याचा रात्रीचा उजेड पक्ष्यांना दिसत नाही, म्हणून त्यांची झोपमोड होत नाही. आपल्याला मात्र काळेपांढरे चित्र दिसते.

जॅकी आणि शॅडो पाळीपाळीने अंडी उबवतात. शॅडो मासे आणतो, काटक्या आणतो आणि जॅकी उठली की स्वतः अंड्यांवर बसतो. वडील मंडळींनी हे वाचून हसू नये.

२०२४ साली जॅकीने तीन अंडी घातली. पाठीवर बर्फ साचला तरी ती उठेना. साधारण पाच-साडेपाच आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात, पण मार्च संपला तरी एकही अंडे फुटले नाही. २०२५ च्या जानेवारीत तिने परत तीन अंडी घातली. मार्चमध्ये तिन्हीतून पिल्ले निघाली. पण थोड्याच दिवसांत हिमवादळ आले, आणि वादळ सरल्यावर दोनच पिल्ले दिसली. तिसरे गेले होते. ते कळले तेव्हा आमच्या वर्गातल्या दोघी-तिघी रडल्या.

एक मुलगा म्हणाला, “एवढी माणसं बघत होती, मग एकालाही चढता आलं नाही का?” घरी आजीला सांगितले तर तीही म्हणाली, “जीव वाचवणं पुण्याचं काम. नुसतं बघत काय बसायचं?” आजीचे म्हणणे खोटे नाही. पण मला वेगळे वाटते.

समजा, माणूस वर चढला. मग जॅकी घाबरून उडून जाणार. तिच्या पंखाखाली ऊब घेत असलेली बाकीची दोन पिल्लेही बर्फात उघडी पडणार. एकाला वाचवायला जायचे आणि तिन्ही घालवायची, हे पुण्य कसे होईल? म्हणूनच अंड्या-पिल्लांच्या दिवसांत तिथले वनखाते घरट्याच्या आसपास माणसांना फिरकू देत नाही.

आणि चढले म्हणजे पिल्लू वाचतेच असेही नाही. २०१४ साली मिनेसोटा राज्यात अशाच एका कॅमेऱ्यात गरुडाचे पिल्लू जखमी दिसले. लोकांनी फारच आग्रह धरला, तेव्हा त्याला खाली आणले. पण त्याचा पंख मोडला होता आणि आजार सगळ्या अंगात पसरला होता. डॉक्टरांना ते वाचवता आले नाही.

मग माणसाने कधीच काही करू नये का? तसे मी म्हणत नाही. या गरुडांवर पूर्वी फार मोठे संकट आले होते आणि ते माणसानेच आणले होते. डास आणि कीड मारायला डीडीटी नावाचे औषध फवारत. ते पाण्यात गेले, पाण्यातून माशांत गेले आणि मासे खाऊन गरुडांच्या अंगात गेले. मग अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की अंडी फुटायची. १९६३ साली अलास्का सोडून बाकीच्या अमेरिकेत या गरुडांच्या फक्त ४१७ जोड्या आढळल्या. १९७२ साली तिथे डीडीटीवर बंदी आली. मग गरुड हळूहळू वाढले, आणि २००७ साली त्यांचे नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढले.

म्हणून माझे मत असे आहे. बर्फ, वारा, पाऊस हे पक्ष्यांच्या जगण्यातलेच आहे. तिथे आपण दुरून बघावे. पण विष आणि मांजा हे आपण आणले आहे. तिथे आपणच धावले पाहिजे. मांज्यात अडकलेला पक्षी दिसला तर लगेच मोठ्या माणसाला बोलवावे.

आता आपल्या शाळेचे बघू. आवारातल्या जास्वंदीत बुलबुलाने घरटे केले आहे. मधल्या सुट्टीत काही मुले फांदी वाकवून आत बघतात. तेवढ्या वेळ आई तारेवर बसून ओरडत असते. कॅमेऱ्याला डोळा असतो, पण हात नसतात. आपणही तसेच बघावे. जास्वंदीपासून दहा पावलांवर चुन्याची रेघ मारावी आणि रेघेच्या पुढे कोणी जाऊ नये. रोज दोघांनी रेघेवर उभे राहून जे दिसेल ते वहीत लिहावे. पुढे पंख फुटलेले पिल्लू खाली उड्या मारताना दिसले तर ते हरवले असे समजून कोणी घरी नेऊ नये. त्याचे आईबाप जवळच असतात. आपण फक्त मांजर-कुत्र्यावर लक्ष ठेवावे.

जॅकीची उरलेली दोन पिल्ले जून २०२५ मध्ये उडाली. सनी आणि गिझमो ही त्यांची नावे बिग बेअरच्या तिसरी ते पाचवीच्या मुलांनी मते देऊन निवडली होती. ती मुले आपल्याच वयाची. झाडावर न चढताच ती पिल्ले त्यांची झाली.

आपणही बुलबुलाच्या पिल्लांना नावे ठेवू या. नावांच्या चिठ्ठ्या बाईंच्या टेबलावर एका डब्यात टाकाव्या. डबा मी आणते. चुना कोण आणणार ते सांगा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी