गाडी अजून लांब आहे...

बडनेऱ्याला गाडी थांबली आहे. तुम्ही खिडकीशी. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी. अचानक आपली गाडी हलल्यासारखी वाटते, "चला, निघाली एकदाची" म्हणून आपण पाय पसरतो, आणि तेवढ्यात शेजारच्या गाडीचा शेवटचा डबा निघून जातो. पुढे फलाट दिसतो. आपण जागच्या जागी! पुण्याहून दिवाळीला वऱ्हाडात जाणाऱ्या कुणाही माणसाला विचारा, हा अनुभव आलाय का. नाही म्हणणारा सापडायचा नाही.

आता गंमत बघा. १९९८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना डोळ्यांसमोर फिरणारी चित्रं दाखवून "आपणच फिरतोय" असा भास करून दिला आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं पेट स्कॅनिंग केलं. मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांचे संदेश पोचतात, तिथलं काम वाढलेलं दिसलं. ते अपेक्षितच होतं. पण त्याच वेळी तोल सांभाळणाऱ्या भागातलं काम कमी झालं होतं. कान सांगताहेत "आपण स्थिर आहोत", डोळे सांगताहेत "निघालो". मेंदू दोघांत भांडण लावत नाही, एकाचा आवाज सरळ बारीक करतो. आणि तसं केल्याचं आपल्याला कळवतही नाही. ना वॉर्निंग, ना एरर मेसेज.

खिडकीत बसून हे फक्त मजेशीर आहे. मात्र हाच मेंदू घेऊन आपण रुळात उतरतो तेव्हा प्रकरण जिवावर येतं.

माझ्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन, एक बाजार आणि एक रेल्वे. आम्ही रेल्वेवाले. १८६७ मध्ये जीआयपीची लाईन नागपूरला पोचली, तेव्हापासून मुंबई-नागपूर वाहतूक आमच्या दारातून जाते. अशा गावात रूळ ओलांडणं हा गुन्हा वगैरे वाटत नाही, तो रस्ताच असतो. "थांब ना बे, गाडी येऊन राह्यली" असं कुणी म्हटलंच तर उत्तर तयार, "लय दूर हाये बाप्पा, चाल!" आणि कुणी गाडीखाली गेला की फलाटावरचा निकालही तयार असतो : दिसत नव्हतं का त्याला एवढं मोठं इंजिन?

माझं म्हणणं असं की दिसत होतं. आणि घोटाळा त्या दिसण्यातच आहे.

थोडं गणित करू (इंजिनिअर माणूस, सवय जात नाही). इंजिनाची रुंदी साधारण ३ मीटर. वेग ताशी ११० किमी, म्हणजे सेकंदाला जवळपास ३० मीटर. गाडी २० सेकंदांवर असताना ती ६०० मीटर लांब असते आणि डोळ्यात भरते जेमतेम ०.३ अंश. १० सेकंदांवर ०.६ अंश. ५ सेकंदांवर सव्वा अंशाच्या आत. हात सरळ ताणून करंगळी उभी धरा, तिची रुंदी साधारण १ अंश असते. म्हणजे ५ सेकंदांत तुमच्यावर येणारी गाडी तुमच्या करंगळीएवढी दिसतेय! सामान घेऊन दोन लाईनी ओलांडायला सात-आठ सेकंद सहज लागतात. मधल्या १० सेकंदांत गाडी पाव अंशाच्या किंचित वर मोठी झाली आणि शेवटच्या चार सेकंदांत साडेचार अंशांनी. मेंदूला वेग कळतो तो या फुगण्यावरून. आणि फुगणं जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो.

मेंदूत हालचाल ओळखणारा भाग वेगळा असतो. म्युनिचमधल्या एका बाईचा तो भाग आजारात निकामी झाला होता, तिच्यावरचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिला रंग, वस्तू, माणसं सगळं दिसायचं, फक्त हालचाल दिसत नसे. कपात ओतलेला चहा गोठल्यासारखा वाटायचा. रस्त्यावरची मोटार आधी लांब असायची आणि मग एकदम जवळ. नाकासमोर येणाऱ्या एक्सप्रेसपुढे धडधाकट माणूसही थोडा वेळ त्या बाईसारखाच असतो.

त्यात आणखी एक भर. मोठी वस्तू त्याच वेगाने जाणाऱ्या छोट्या वस्तूपेक्षा हळू वाटते. विमानतळावर उतरणारं भलंथोरलं विमान तरंगतंय असं वाटतं ना, तेच हे. लाइबोविट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकावरच्या अपघातांचं एक कारण म्हणून हे मांडलं. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात प्रयोग झाला. तिथेही मोटार आणि ट्रेन एकाच वेगाने येताना दाखवल्या तर लोकांना ट्रेन हळू वाटली. आमच्याकडची मूर्तिजापूरची शकुंतला (आता बंद पडली बिचारी) छोटी आणि खरोखरच हळू होती. २०२५ च्या ऑगस्टपासून आमच्या स्टेशनावरून न थांबता जाते ती अजनी-पुणे वंदे भारत. गाड्या बदलल्या. मेंदू तोच, बैलगाडीच्या वेगावर घडलेला. शिवाय रूळ जोडून सलग केलेले, त्यामुळे जुनी खडखड नाही, विजेच्या इंजिनाला डिझेलची धडधड नाही. म्हणजे सगळी भिस्त डोळ्यांवर.

आणि यावर आपला उपाय काय? पाटी. रूळ ओलांडणे दंडनीय अपराध आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. रोज तीच पाटी बघून मेंदू तिला प्रतिसाद देणंच सोडतो.

आपल्या धंद्यात हजार लोकांनी एकच चुकीचं बटन दाबलं तर "यूझर मूर्ख आहे" म्हणून तिकीट बंद करता येत नाही. स्क्रीन बदलावा लागतो. मुंबईत वडाळ्याला मध्य रेल्वेने २००९-१० मध्ये हेच केलं. फायनलमाईल या कंपनीने सुचवलेले तीन साधे बदल. एक, काही स्लीपर पिवळे रंगवले. करड्या खडीवरचे करडे स्लीपर मेंदूला काहीच सांगत नाहीत. दृष्टीच्या पेशी चेततात त्या कडांवर, उजेड-अंधाराच्या सीमेवर (ह्यूबेल आणि वीझल यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी). पिवळे पट्टे गिळत येणारी गाडी किती जोरात येतेय ते कळतं. दोन, पाटीऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा, तीन चित्रांत. घाबरलेला चेहरा पाहिला की मेंदूतला अमिग्डाला जागा होतो, हे १९९६ पासून स्कॅनवर दिसलेलं आहे. तीन, एका लांब हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न. पुढच्या महिन्यांत तिथले मृत्यू बरेच घटले.

एका स्टेशनवरचा प्रयोग म्हणजे औषधाची चाचणी नव्हे, मान्य. रंग मारला म्हणून पादचारी पूल नको असंही कुणी म्हणू नये. पूल हवाच, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला चढता येईल असा हवा. पण पुलाचं टेंडर निघून तो उभा राहीपर्यंत किती वर्षं जातात हे मी सांगायला नको.

२०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीने अंदाज दिला होता : रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यातली सुमारे ६ हजार मुंबईच्या लोकल मार्गांवर. मुंबईच्या ६ हजारांवर बातम्या होतात, प्रयोगही होतात. उरलेल्या ९ हजारांच्या वाट्याला पाटी! ती माणसं मरतात कुठे? धामणगाव, चांदूर, बडनेरा, मूर्तिजापूर अशा गावांत, जिथे अर्धं गाव रुळाच्या अलीकडे आणि अर्धं पलीकडे असतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. ज्या ज्या स्टेशनवर लोक रोज रूळ ओलांडतात, तिथे पिवळा रंग मारा, पाटी बदला, आणि वर्षभर आकडे मोजा. उपयोग झाला नाही तर रंगाचा खर्च वाया गेला म्हणू. झाला तर कुणाचा तरी बाप संध्याकाळी घरी पोचेल. आणि तोवर तुम्ही-आम्ही एवढं लक्षात ठेवू : डोळे "गाडी अजून लांब आहे" म्हणतात तेव्हा ती लांब नसते.